टीशॉक सरळ उत्तर देत नाहीत, मग विरोधक दर आठवड्याला प्रश्न का विचारतात?

तुम्ही विचारलंत की आयर्लंडच्या संसदेतले लीडर्स क्वेश्चन्स दोनतीनदा ऑनलाइन बघितले, विरोधी नेत्या सरळ प्रश्न विचारतात, टीशॉक, म्हणजे पंतप्रधान, तीन मिनिटं बोलतात आणि खाली बसतात, उत्तर काही मिळतच नाही, मग ह्याचा उपयोग काय आणि आत ह्याची तयारी नक्की होते कशी. मी डब्लिनमध्ये विरोधी बाकांवरच्या टीडींसाठी, म्हणजे इथल्या खासदारांसाठी, संसदीय सहाय्यक म्हणून बरीच वर्षं काम केलंय. प्रश्न लिहायचे, आकडे शोधायचे आणि उत्तर आलं की त्याचा पिच्छा पुरवायचा हेच रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधीच सांगतो, उपयोग आहे आणि भरपूर आहे, पण तो त्याच दिवशीच्या व्हिडिओत शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. टीशॉक उत्तर टाळू शकतात, पण जे बोलतात ते शब्दन् शब्द नोंदलं जातं, आणि ती नोंद पुढे सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, कधीकधी आठ वर्षांनी त्यांच्यासमोर परत ठेवता येते. आमचं निम्मं काम ह्या नोंदीवरच चालतं.

आता थोडी माहिती, नाहीतर पुढचं कळणार नाही. टॉनिश्टा म्हणजे उपपंतप्रधान, आणि डॉल म्हणजे कनिष्ठ सभागृह, जे डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेन्स्टर हाउसमध्ये भरतं. नोव्हेंबर 2024च्या निवडणुकीपासून त्यात 174 टीडी आहेत, आधी 160 होते. मंगळवारी दुपारी 2 वाजता आणि बुधवारी 12 वाजता टीशॉक स्वतः उभे राहतात, गुरुवारी टॉनिश्टा किंवा दुसरा एखादा मंत्री. विरोधी पक्षांचे आणि गटांचे नेते एकेक करून विचारतात, तीन मिनिटं प्रश्न, तीन मिनिटं उत्तर, मग एक मिनिट पुरवणी प्रश्न आणि एक मिनिट त्याचं उत्तर, म्हणजे प्रत्येकी आठ मिनिटं, संपलं. समोर घड्याळ चालू असतं आणि वेळ संपली की अध्यक्ष थांबवतात. गट म्हणून मान्यता मिळायला किमान पाच टीडी लागतात, आणि ज्यांच्याकडे पाच नाहीत असे छोटे पक्ष आणि अपक्ष एकत्र येऊन टेक्निकल ग्रुप करतात आणि आपली पाळी आपसात वाटून घेतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, लीडर्स क्वेश्चन्सना नोटीस नसते. विषय ताजा आणि सार्वजनिक महत्त्वाचा हवा एवढीच अट, पण तो कुठला हे टीशॉकना समोरचा बोलायला लागेपर्यंत अधिकृतपणे माहीत नसतं. आपल्याकडे लोकसभेत तारांकित प्रश्नाला साधारण 15 दिवस आधी नोटीस लागते आणि उत्तर त्या त्या खात्याचा मंत्री देतो, पंतप्रधान असं आठवड्यातून दोनदा उभं राहून न सांगता आलेले प्रश्न घेत नाहीत. लंडनमध्ये घेतात पण आठवड्यातून एकदा, बुधवारी अर्धा तास. डब्लिनमध्ये दोनदा, आणि शिवाय टीशॉकच्या स्वतःच्या खात्याचे तोंडी प्रश्न वेगळे, ज्यांना आधी नोटीस द्यावी लागते आणि जे एकत्र गट करून घेतले जातात. मला स्वतःला ही पद्धत फार मोलाची वाटते. आयर्लंडच्या राज्यघटनेच्या 28व्या कलमात सरकार डॉलला जबाबदार आहे असं स्पष्ट लिहिलंय, आणि ते वाक्य दर आठवड्याला खरं होताना दिसायची जागा म्हणजे हीच.

सरकारच्या बाजूने तयारी कशी होते तर मेरियन स्ट्रीटवरच्या गव्हर्नमेंट बिल्डिंग्जमध्ये टीशॉकचं खातं प्रत्येक डिपार्टमेंटकडून ताज्या विषयांवर टिपणं मागवतं. सकाळी रेडिओवर मॉर्निंग आयर्लंडमध्ये काय आलं, पेपरच्या पहिल्या पानावर काय आहे, रात्रीच्या टीव्हीवर कुठल्या कुटुंबाची मुलाखत झाली ह्यावरून अंदाज बांधतात आणि फोल्डर तयार करतात. अनुभवी टीशॉकला बहुतेक विषय आधीच कळलेले असतात कारण विरोधक काही हवेतून विषय आणत नाहीत. 2025मध्ये टीशॉक झालेले मिहॉल मार्टिन 1989पासून डॉलमध्ये आहेत, शिक्षण, आरोग्य, उद्योग, परराष्ट्र अशी खाती सांभाळलीत, त्यांना क्वचितच फोल्डर उघडावा लागतो. मंगळवारी सकाळी कॅबिनेट बसतं आणि दुपारी दोनला हे असतं, त्यामुळे मंगळवारचा प्रश्न पुष्कळदा कॅबिनेटपुढे आज काय गेलं ह्यावर बेतलेला असतो, आणि बुधवारचा प्रश्न मंगळवारच्या उत्तरातल्या फटीवर.

आमच्या बाजूची तयारी वेगळी. सकाळी मीटिंग होते, चारपाच विषय टेबलावर येतात, आणि तिथे खरी भांडणं होतात कारण प्रत्येक टीडीला आपलाच विषय आज घ्यायचा असतो. विषय ठरला की तीन मिनिटं, म्हणजे बोलायला फार तर चारशे शब्द. त्यात मी एकच पद्धत वापरत आलोय आणि नवीन मुलांनाही तीच शिकवतो, एक माणूस, एक आकडा, एक प्रश्न. माणूस म्हणजे खरी केस, पत्र लिहिलेल्या बाईची किंवा कुटुंबाची, आणि त्यांची परवानगी लेखी घेतल्याशिवाय नाव तर सोडाच गावसुद्धा सांगायचं नाही, कारण सभागृहात बोललेलं परत मागे घेता येत नाही आणि संध्याकाळपर्यंत पत्रकार त्यांच्या दारात उभे असतात. आकडा सरकारचाच हवा. विरोधकांनी काढलेला आकडा असला की टीशॉक तीन मिनिटं त्या आकड्यावरच वाद घालतात आणि वेळ संपते. आणि शेवटी प्रश्न एकच हवा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही किंवा एखादी तारीख असं येऊ शकेल असा. तीन प्रश्न विचारले की उत्तर देणारा त्यातला सगळ्यात सोपा उचलतो आणि तुम्हाला तक्रारसुद्धा करता येत नाही, कारण त्याने उत्तर दिलेलं असतं.

पुरवणीचं एक मिनिट आधीच लिहून ठेवायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पुष्कळ नेते लिहून आणलेलंच वाचतात आणि टीशॉकने पहिल्या उत्तरात काय कबूल केलं तिकडे लक्षच नसतं. मी गॅलरीच्या वरून किंवा ऑफिसातल्या स्क्रीनवर बघताना कितीदा तरी असं झालंय की टीशॉकने जाता जाता एक मोठी गोष्ट बोलून टाकली आणि समोरचा नेता आपला कागद वाचत राहिला.

आता उत्तर टाळायचे प्रकार, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. पहिला प्रकार सहानुभूतीचा, त्या कुटुंबाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, केसचे डिटेल्स माझ्याकडे पाठवा, मी स्वतः लक्ष घालतो. लोकांना वाटतं हे टाळणं आहे, पण आमच्या दृष्टीनं हे चांगलं उत्तर, कारण त्याच दुपारी आम्ही डिटेल्स पाठवतो आणि आता टीशॉकच्या ऑफिसला पोच द्यावीच लागते, पुष्कळ कुटुंबांचं काम असं झालेलं मी पाहिलंय. दुसरा प्रकार पैशाचा, आम्ही ह्या क्षेत्रात इतके अब्ज युरो घातले, गेल्या वर्षीपेक्षा इतके जास्त. विचारलं होतं मुलाला थेरपी कधी मिळणार आणि सांगितलं बजेट किती आहे. तिसरा, तुमच्या पक्षाने ह्याच्या विरोधात मत दिलं होतं. चौथा प्रकार मला सगळ्यात त्रासदायक वाटतो, तो म्हणजे हा ऑपरेशनल विषय आहे, संबंधित संस्था बघेल. 2005मध्ये एचएसई नावाची आरोग्य सेवा चालवणारी संस्था आली तेव्हापासून आरोग्यमंत्र्यांना लेखी प्रश्न विचारला की पुष्कळदा एवढंच उत्तर येतं की हा प्रश्न थेट उत्तरासाठी एचएसईकडे पाठवला आहे. हॉस्पिटलात ट्रॉलीवर पडलेल्या माणसाच्या नातेवाइकाला ह्या उत्तराचं काय करायचं? धोरण मंत्र्याचं, पैसे मंत्र्याचे, मग जबाब मात्र दुसऱ्याने द्यायचा, हे मला आजही पटत नाही.

आणि मग बर्टी अहर्न ह्यांची पद्धत होती, ते 1997 ते 2008 टीशॉक होते. ते बोलायला लागले की वाक्यं एकमेकांत अशी गुंतायची की प्रश्न विचारणाऱ्यालाच आपण काय विचारलं ते आठवेना. सोशलिस्ट पक्षाचे जो हिगिन्स तेव्हा डॉलमध्ये होते, अत्यंत तयारीचा माणूस, त्यांनी सभागृहातच म्हटलं होतं की टीशॉकना प्रश्न विचारणं म्हणजे गवताच्या गंजीवर हँडबॉल खेळण्यासारखं आहे, धप्प असा आवाज येतो आणि चेंडू परत येत नाही. इथे राजकारणात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य माहीत आहे.

अध्यक्ष का नाही बोलत असं तुम्हाला वाटेल. इथे अध्यक्षांना क्यान कोर्ला म्हणतात, आणि ते वेळ बघतात, शिस्त बघतात, पण उत्तर बरोबर आहे का, पुरेसं आहे का हे ठरवायचा अधिकार त्यांना नाही. दर अध्यक्ष हे वाक्य शेकडो वेळा उच्चारतात. तसंच एखाद्या सदस्याला तुम्ही खोटं बोलताय असं म्हणता येत नाही, शब्द मागे घ्यावा लागतो, त्यामुळे विरोधक म्हणतात की टीशॉकचं म्हणणं वस्तुस्थितीशी जुळत नाही, आणि ज्याला कळायचं त्याला कळतं.

टाळलेल्या उत्तरांची किंमत किती असू शकते ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे बीफ ट्रिब्युनल. 1991मध्ये गोमांस उद्योगातल्या गैरव्यवहारांची चौकशी सुरू झाली, न्यायमूर्ती लियाम हॅमिल्टन अध्यक्ष, अहवाल आला 1994मध्ये, प्रचंड पैसा आणि वेळ गेला. त्या चौकशीतच हॅमिल्टन म्हणाले की इथे जशी उत्तरं मिळतायत तशी डॉलमध्ये मिळाली असती तर ही चौकशी लागलीच नसती. एका न्यायाधीशाने संसदेबद्दल असं म्हणणं ही साधी गोष्ट नाही. आणि ह्याच चौकशीतून दुसरा एक गुंता निघाला. कॅबिनेटमध्ये काय चर्चा झाली हे साक्षीदाराला विचारता येईल का हा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि 1992मध्ये कोर्टाने सांगितलं की कॅबिनेटची चर्चा पूर्णपणे गोपनीय आहे. मग 1997मध्ये सार्वमत घेऊन घटनेत ती गोपनीयता लिहिली गेली आणि हायकोर्टामार्फत थोडे अपवाद ठेवले गेले. आजही टीशॉकना कॅबिनेटमध्ये कोण काय बोललं हे विचारलं की ते घटनेकडे बोट दाखवतात, आणि तिथे ते बरोबर असतात. म्हणून आम्ही कॅबिनेटमध्ये काय झालं असं कधीच विचारत नाही, निर्णय काय झाला आणि कधीपासून लागू असं विचारतो.

आता नोंदीचं बळ काय असतं ते सांगतो, आणि इथे लिओ वराडकर येतात. त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, 2019च्या डिसेंबरमध्ये ते स्वतः तिथे जाऊन आले तेव्हाच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. जून 2017मध्ये ते टीशॉक झाले. तेव्हाची परिस्थिती विलक्षण होती. त्यांच्या फिना गेल पक्षाकडे बहुमत नव्हतं, आणि मुख्य विरोधी पक्ष फियाना फॉलने करार केला होता की बजेटला आणि विश्वासमताला आम्ही तटस्थ राहू. म्हणजे फियाना फॉलचे नेते मिहॉल मार्टिन दर मंगळवारी उठून वराडकरांना झोडपायचे आणि सरकार टिकत होतं तेही त्यांच्याच तटस्थ राहण्यावर. बाहेरून हे विचित्र दिसतं, पण त्यामुळे प्रश्नांना वेगळंच वजन आलं होतं, कारण समोरच्याच्या हातात खरोखर सरकार पाडण्याची ताकद होती.

नोव्हेंबर 2017मध्ये तेच होत आलं. पोलीस दलातले व्हिसलब्लोअर सार्जंट मॉरिस मॅकेब ह्यांच्याबद्दल 2015मधल्या एका चौकशी आयोगापुढे पोलीस आयुक्तांच्या वकिलांनी आक्रमक पवित्रा घ्यायचं ठरवलं होतं. प्रश्न हा की 2015मध्ये न्यायमंत्री असलेल्या आणि 2017पर्यंत टॉनिश्टा झालेल्या फ्रान्सिस फिट्झगेरल्ड ह्यांना हे कधी कळलं. लेबर पक्षाचे ॲलन केली न्याय खात्याला लेखी प्रश्न टाकत राहिले, अगदी रूक्ष, कुणी टीव्हीवर दाखवणार नाही असे, कुठला ईमेल कधी आला, कुणाला मिळाला. वराडकरांनी डॉलमध्ये सांगितलं की फिट्झगेरल्ड ह्यांना आधी माहिती नव्हती. मग मे 2015चा ईमेल निघाला जो फिट्झगेरल्ड ह्यांना पाठवला गेला होता, आणि टीशॉकना सभागृहापुढे दिलेली माहिती दुरुस्त करावी लागली. फियाना फॉलने अविश्वास ठराव पुढे केला, ख्रिसमसच्या तोंडावर निवडणूक होणार असं वाटत होतं, आणि 28 नोव्हेंबरला फिट्झगेरल्ड ह्यांनी टॉनिश्टापदाचा राजीनामा दिला. पुढे ऑक्टोबर 2018मध्ये न्यायमूर्ती चार्लटन ह्यांच्या ट्रिब्युनलने त्यांचं वागणं योग्यच होतं असं म्हटलं, हेही इथे सांगायलाच हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. पण संसदेच्या दृष्टीनं बघा काय झालं. राजीनाम्यापर्यंत गोष्ट गेली ती लीडर्स क्वेश्चन्समधल्या गरमागरमीमुळे कमी आणि सभागृहात बोललेलं एक वाक्य कागदाशी जुळेना ह्यामुळे जास्त. ते वाक्य नोंदीत नसतं तर ईमेल सापडूनही एवढं झालं नसतं.

त्याआधी 1994मध्ये अल्बर्ट रेनॉल्ड्स ह्यांचं सरकारही अशाच कारणाने गेलं होतं. एका पाद्र्याच्या बालशोषणाच्या केसमधलं प्रत्यार्पणाचं वॉरंट ॲटर्नी जनरलच्या ऑफिसात महिनोन् महिने पडून होतं, त्याबद्दल डॉलला पूर्ण माहिती दिली गेली नाही, आणि डिक स्प्रिंग ह्यांच्या लेबरने पाठिंबा काढला. इथे एवढंच लक्षात ठेवा, उत्तर टाळल्याबद्दल आयर्लंडमध्ये कुणाचं पद जात नाही, सभागृहाला चुकीची माहिती दिली तर जाऊ शकतं. त्यामुळे टीशॉकचे सल्लागार एकेका वाक्याला जपतात, माझ्या माहितीप्रमाणे, आजच्या घडीला, मला असं कळवण्यात आलंय, हे शब्द उगाच येत नाहीत. व्हिडिओ बघताना असे शब्द आले की कान टवकारा, कारण तिथेच त्यांना खात्री नसते.

सर्व्हायकलचेकचं प्रकरणही आठवतं. 2018च्या एप्रिलमध्ये विकी फेलन ह्यांची केस कोर्टात मिटली आणि देशाला कळलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीत आधीचे रिपोर्ट चुकल्याचं ऑडिटमध्ये दिसूनही ते बायकांना सांगितलंच नव्हतं. अशा 221 बायका आहेत असं पुढे आलं. त्यानंतर कित्येक आठवडे दुसरा विषयच नव्हता, मंगळवार बुधवार तेच. त्या मे महिन्यात वराडकरांनी आश्वासन दिलं होतं की ह्यातल्या कुठल्याच बाईला कोर्टात साक्षीला उभं राहायची वेळ येऊ नये असं आम्ही बघू. पुढे केसेस कोर्टात गेल्याच, आणि प्रत्येक वेळी विरोधकांनी ते आश्वासन त्यांना सभागृहात वाचून दाखवलं. 22 ऑक्टोबर 2019ला टीशॉकनी डॉलमध्ये राज्याच्या वतीने माफी मागितली. ती माफी त्या बायकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हिमतीने मिळवलेली आहे, आमच्यासारख्यांचं काम फक्त एवढंच की विषय कामकाजातून बाजूला पडू द्यायचा नाही. पण तेवढं तरी व्हायलाच हवं असं मला फार वाटतं.

अलीकडचं उदाहरण घरांचं. 2024च्या निवडणुकीच्या आधी सरकारमधले नेते सांगत होते की यंदा जवळपास 40,000 घरं पूर्ण होतील. जानेवारी 2025मध्ये सांख्यिकी कार्यालयाचा आकडा आला 30,330, म्हणजे आदल्या वर्षापेक्षाही कमी. त्यानंतर विरोधी पक्षनेत्या मेरी लू मॅकडोनाल्ड आणि बाकीचे सगळे हे दोन आकडे शेजारी ठेवून विचारत राहिले की मतदान होण्याआधी तुम्हाला खरं चित्र माहीत होतं की नव्हतं. ह्याचं समाधानकारक उत्तर मला तरी मिळालेलं नाही. पण एक फरक पडलाय, आता सरकारने घरांचा आकडा सांगितला की लगेच कुणीतरी 2024 आठवून देतं. तसंच लहान मुलांच्या पाठीच्या कण्याच्या ऑपरेशनचं, 2017मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री सायमन हॅरिस म्हणाले होते की वर्षअखेरपर्यंत कुठलंही मूल चार महिन्यांपेक्षा जास्त थांबणार नाही. ते पुढे टीशॉक झाले, मग टॉनिश्टा झाले, आणि ते वाक्य प्रत्येक पदावर त्यांच्यापुढे ठेवलं गेलं, कारण मुलं अजून थांबलेली आहेत आणि थांबता थांबता त्यांचे कणे आणखी वाकतायत.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की प्रश्न विचारायची वेळ ही किरकोळ तांत्रिक बाब असेल. तर 2025ची सुरुवात आठवा. फियाना फॉलचे 48 आणि फिना गेलचे 38, बहुमताला थोडे कमी, म्हणून अपक्षांचा पाठिंबा घेतला. मायकल लॉरी ह्यांच्या गटातले काही राज्यमंत्री झाले आणि उरलेले म्हणाले आम्हाला विरोधकांच्या वेळेतून बोलू द्या. सगळा विरोधी पक्ष उसळला, जे सरकार बनवायला हात लावतात ते सरकारला जाब विचारणाऱ्यांच्या रांगेत कसे उभे राहणार? 22 जानेवारीला मिहॉल मार्टिन ह्यांची टीशॉक म्हणून निवड व्हायची होती, गोंधळात कामकाज तहकूब झालं, निवड दुसऱ्या दिवशी झाली, 95 विरुद्ध 76. मार्चमध्ये सरकारने नियम बदलून अशा सदस्यांसाठी वेगळा वेळ काढला, पुन्हा प्रचंड गोंधळ, आणि अध्यक्ष व्हेरोना मर्फी, ह्या पदावरच्या पहिल्या महिला, त्यांच्यावरच विश्वासाचा ठराव आला, तो 1 एप्रिलला 96 विरुद्ध 71 असा त्यांच्या बाजूने गेला.

माझं मत विचाराल तर विरोधकांची मागणी योग्य होती, भाषा आणि आरडाओरडा काही वेळा योग्य नव्हता. सरकारला पाठिंबा देणाऱ्या सदस्याला आपल्या मतदारसंघाचा प्रश्न मांडायचा पूर्ण हक्क आहे, त्यासाठी लेखी प्रश्न आहेत, टॉपिकल इश्यूज म्हणजे ताज्या विषयांवरच्या छोट्या चर्चा आहेत, समित्या आहेत. पण टीशॉकसमोर उभं राहून जाब विचारायची मिनिटं मोजकी असतात, आणि ती ज्याच्या मतावर सरकार टिकलंय त्याला दिली की प्रश्न मऊ होतात, हे मी स्वतः ऐकतोय. बदलानंतरचा मंगळवार आणि आधीचा मंगळवार लागोपाठ बघा, तुम्हालाही जाणवेल.

व्हिडिओ कसा बघायचा तर माझा सल्ला असा की टाळ्या, आरडाओरडा, सोशल मीडियावर फिरणारी तीस सेकंदांची क्लिप हे सगळं सोडून द्या. क्लिपसाठी लिहिलेला प्रश्न वेगळा आणि उत्तरासाठी लिहिलेला वेगळा, आणि दुर्दैवानं पहिल्या प्रकारचे वाढत चाललेत. सप्टेंबर 2024मध्ये लेन्स्टर हाउसच्या आवारातली सायकल शेड साधारण 3,36,000 युरोंना पडली हे बाहेर आलं, लोक संतापले, बरोबरच होतं, सभागृहातही आठवडेच्या आठवडे गाजलं. पण त्यातला कामाचा प्रश्न शेड महाग का हा नव्हता, एवढ्या छोट्या कामाला मंजुरी कुणी दिली आणि ती देताना किमतीची तपासणी कुठल्या टप्प्यावर व्हायला हवी होती हा होता, आणि तो विचारणारे फार थोडे होते.

म्हणून टीशॉकचं तीन मिनिटांचं उत्तर ऐकताना तीनच गोष्टी कागदावर टिपा, त्यांनी एखादी तारीख दिली का, एखादा आकडा दिला का, आणि मी करीन असं काही म्हटलं का. बाकी सोडून द्या. मग संसदेच्या वेबसाइटवर त्या दिवसाचा शब्दशः वृत्तांत येतो, काही तासांतच, तिथून ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या, कारण पेपरमध्ये येतं ते बऱ्याचदा आवळलेलं असतं. आणि दोनतीन आठवड्यांनी त्याच वेबसाइटवर लेखी प्रश्नोत्तरांत तोच विषय शोधा. चांगलं ऑफिस असेल तर तुम्हाला तिथे एक छोटासा प्रश्न दिसेल, टीशॉकनी अमुक तारखेला सभागृहात दिलेल्या आश्वासनाचं पुढे काय झालं ते मंत्री सांगतील का. कुणीही त्याची क्लिप करत नाही. त्याचं उत्तर अर्धवट आलं तर आम्ही शब्द बदलून परत टाकतो, मग माहिती अधिकारात ईमेल मागवतो, मग समितीपुढे खात्याच्या सचिवांना बोलावतो, आणि एवढं सगळं करून काहीतरी हाताला लागलं की मग पुन्हा मंगळवारी दुपारी दोन वाजता तोच विषय टीशॉकसमोर जातो.